फोटोंची बदली

माझे मोठे दीर सरकारी खात्यात होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथे नेमकं काय काम केलं हे त्यांनाही कधी सांगता आलेलं नाही. एवढं मात्र आमच्या सगळ्या घराला पाठ आहे की त्यांनी अख्खी नोकरी ठाण्यात काढली. एकदाच जव्हारला बदली झाली होती. तेव्हा त्यांची कंबर अशी काही धरली की ती ऑर्डर रद्द होईपर्यंत सुटलीच नाही. नौपाड्यातल्या घरातून चालत ऑफिसात जायचं, दुपारी जेवायला चालत घरी यायचं, थोडं आडवं व्हायचं आणि पुन्हा चालत जायचं. 'ट्रान्सफर' हा शब्द त्यांच्या घरात एखाद्या वाईट आजाराचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात उच्चारला जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी दगावलंय. नंतर कळलं की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मोखाड्याला गेलेत.

अशा माणसाच्या हातात डिजिटल कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. दुकानदाराने सगळं समजावलं आणि शेवटी सहज म्हणून सांगितलं, "कार्ड भरलं की फोटो कॉम्प्युटरला ट्रान्सफर करायचे." भाऊजींचा चेहरा पडला. आपण घेतलेल्या निरपराध फोटोंवर ही वेळ यावी हे त्यांना सहन होईना. माझा नवरा तेव्हा सोबत होता. त्याने समजूत घातली, "अरे दादा, कॉपी करायचे. इथेही राहतात, तिथेही राहतात. टेन्शन नाही."

त्यावर भाऊजींनी दुकानातच त्याला जे सुनावलं ते त्याने घरी येऊन मला जसंच्या तसं करून दाखवलं. "एकच माणूस एकाच वेळी दोन ऑफिसांत हजर दाखवला तर त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे का? नक्कल ती नक्कल आणि अस्सल ते अस्सल. ट्रान्सफर म्हणजे ट्रान्सफर. इथून रिलीव्ह, तिथे जॉइन."

झालं. तेव्हापासून त्यांच्या राज्यात कॉपी नाही. जे काही होतं ते कट आणि पेस्ट. फोटो कॅमेऱ्यातून निघाला की कॅमेऱ्यात राहत नाही, कॉम्प्युटरमध्ये रुजू होतो आणि मग तिथून हलत नाही. इतकी वर्षं साहेब लोकांनी त्यांना धाक घातला, आता ते फोटोंना घालत होते. फोल्डरांची नावं तरी काय होती? 'कौटुंबिक', 'कौटुंबिक इतर', 'इतर संकीर्ण', आणि एक 'तातडीचे', ज्यात माझ्या माहितीप्रमाणे गेल्या कित्येक वर्षांत कुणी डोकावलेलं नाही.

तो कॉम्प्युटर अजून आहे. माझ्या जाऊबाईंनी त्याला झालरीचं कव्हर शिवलंय. दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू पडतं, झेंडूचा हार चढतो, आणि पुढचे दोन दिवस माउसखाली पाकळ्या येतात. त्याला हात लावायची परवानगी भाऊजींशिवाय कुणालाच नाही. पोटच्या पोराला नाही, मग जाऊबाईंची काय कथा. कुणी नातेवाइकाने म्हटलं की आमचा एक फोटो द्या हो, तर भाऊजी म्हणणार, "बघतो." सरकारी माणसाचं 'बघतो' म्हणजे काय ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आणि फोटो घ्यायला मात्र ते सगळीकडे पुढे. बारसं असो, वास्तुशांत असो, हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असोत, भाऊजी कॅमेरा घेऊन हजर. माणसांपेक्षा वस्तूंवर त्यांचा लोभ जास्त. रांगोळीचे पंधरा, रुखवताचे वीस, आणि नवरा-नवरीचा एक, त्यातही नवरीचे डोळे मिटलेले. कॅमेऱ्यातली तारीख त्यांनी कधी लावलीच नाही. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात लाल आकड्यांत भलतंच साल उमटतं. त्या हिशेबाने त्यांच्या मुलाची मुंज तो जन्मण्याआधीच लागली.

त्या मुंजीचीच ही गोष्ट आहे.

मुंज ठाण्यात, खोपटच्या बाजूच्या एका हॉलमध्ये होती. माझी आई कल्याणहून आली होती, आणि तिची मोठी बहीण, माझी मावशी, गावाहून. दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या खाली निमंत्रकांमध्ये मावशीचं नाव दुसऱ्या ओळीत आलं आणि एका लांबच्या आत्याचं पहिल्या ओळीत. एवढंच. प्रेसवाल्याने जागा बघून नावं बसवली, आणि दोन सख्ख्या बहिणींनी एकमेकींचं तोंड बघायचं सोडलं. मराठी माणूस शेताच्या बांधासाठी भांडतो म्हणतात. आमच्याकडे बांध नाहीत, म्हणून आम्ही पत्रिकेच्या ओळींवर भागवतो.

मुंजीत वाढपी मुलांना दोघींची ही कथा माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पंगतीत दोघींना शेजारी बसवलं. दोघी नाकासमोर बघत वरणभात कालवत होत्या. तेवढ्यात भाऊजी पंगतीचा फोटो घ्यायला आले. सगळी रांग मावेना म्हणून एक पाऊल मागे, अजून एक मागे, असं करत करत त्यांचा पाय थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला. सोवळं भिजलं, मठ्ठा सांडला, आणि पडता पडता त्यांचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं.

माझी आई आणि मावशी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या. मी समोरच वाढत होते, मी पाहिलंय. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती आणि आई तिच्या दंडाला धरून. हसणं थांबल्यावर मावशी म्हणाली, "मेला जन्मभर एका जागेवरून हलला नाही, आज हलला तर मठ्ठ्यात." ते बहिणीबहिणींचं बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. नंतर दोघी दिवसभर बोलत होत्या. पुढच्याच वर्षी मावशी गेली. आई तिला शेवटचं भेटायला गेली तेव्हा मावशी अंथरुणाला खिळलेली होती, चेहरा ओळखू न येण्याइतका उतरला होता.

तो तिरपा फोटो मी त्याच दिवशी कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर बघितला होता. भाऊजी एरवी फोटो कधी खोडत नाहीत, सरकारी माणूस कागद फाडत नाही, पण हा खोडावा की काय अशा विचारात होते. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी राहू दिला आणि यथावकाश ट्रान्सफर केला. मग आम्ही सगळे तो विसरलो. विसरायला काय लागतं? माझ्याच फोनमध्ये आज हजारो फोटो आहेत, त्यातले निम्मे कमळावर 'शुभ सकाळ' लिहिलेले, आणि जागा नाही म्हणून फोन रोज रडतो. फोटो आपण बघायला काढतच नाही. काढले आहेत, एवढ्या समाधानासाठी काढतो.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांचं सुरू झालं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग जातोय. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू पुसट होत जाईल. इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. मी रिक्षात बसून रडले. आई म्हणाली, "रडतेस काय. समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि कोपऱ्यातली धूळ तेवढी दिसते. म्हणजे मी आता खरी सासू झाले."

पण घरी आल्यावर तिने मला जवळ बसवलं. "एक काम करशील का? तुझ्या दिरांनी त्या मुंजीत आमचा फोटो काढलेला. मला ताई आठवायला गेली की शेवटचंच तोंड आठवतं, आजारातलं. हसतानाचं एकदा बघून घेऊ दे. मग गेले डोळे तर गेले."

माझ्या आईने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. त्याच संध्याकाळी मी भाऊजींना फोन लावला.

"मुंजीचे फोटो ना? ते ट्रान्सफर झालेत," ते म्हणाले.

"कुठे?"

"कॉम्प्युटरमध्येच. पण आता ते असे काढता येणार नाहीत."

मी आईच्या डोळ्यांचं सांगितलं.  ते म्हणाले, "बघतो."

मी नवऱ्याला म्हटलं, आता तूच जा आणि पेनड्राइव्हवर घेऊन ये. तो म्हणाला, "दादाच्या कॉम्प्युटरला मी हात नाय लावणार. तो स्वतः करेल ना, थांब जरा." पन्नाशी उलटलेला माझा नवरा कंपनीत दीडशे माणसांना हाकतो आणि थोरल्या भावापुढे माउस धरायला घाबरतो. पुण्याला असलेल्या पुतण्याला फोन केला, म्हणजे ज्याची मुंज होती त्याला. तो म्हणाला, "काकू, बाबांच्या फाइलिंगमध्ये मला नको ओढूस प्लीज." स्वतः मात्र लोकांच्या बँकांचे कॉम्प्युटर सांभाळतो.

पण काय आश्चर्य, चार महिन्यांनी भाऊजींनी आपणहून पेनड्राइव्ह पाठवला. वर कागद चिकटवलेला होता, 'मौंजीबंधन'. मी आईला डोंबिवलीला आमच्या घरी बोलावलं. ती कल्याणहून रिक्षाने आली, इस्त्रीची साडी नेसून. आमच्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसली, चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला. मी फोल्डर उघडला. आत सगळे फोटो ओळीने होते, नावानिशी. पहिल्यावर टिचकी मारली तर कॉम्प्युटर म्हणाला, असा काही फोटो इथे नाही. दुसरा उघडला, तोही नाही. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता. आमच्या मुलीने खुर्चीमागून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, हे सगळे शॉर्टकट आहेत. काकांनी नुसते पत्ते पाठवलेत. फोटो त्यांच्याकडेच आहेत."

आई अजून पडद्याकडे बघत होती. "लागला का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही लागला, आई. परत आणू."

"बरं," ती म्हणाली आणि चष्मा काढून डबीत ठेवला. मला इतका संताप आला की तिला जेवायला वाढतानाही मी भांडी आपटत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नौपाड्याला गेले. जाऊबाईंनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून चहा टाकायला आत पळाल्या. भाऊजी पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सुरू केलं. "भाऊजी, माझी आई आंधळी होतेय आणि तुम्ही तिला शॉर्टकट पाठवता?"

त्यांनी पेपरची घडी घातली. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. "अगं, मी सगळे पर्याय बघितले," ते म्हणाले. "राइट क्लिक केलं की यादी येते. त्यात कट आहे, कॉपी आहे आणि शॉर्टकट आहे. कट केलं तर ते इथून जाणार. कॉपी तर करायचीच नाही. मला वाटलं, शॉर्टकटमध्ये जागा न सोडता काम होतं."

जागा न सोडता काम. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, कॉपी करा. हात जोडते. काही होत नाही कॉपीने. सगळं जग करतं."

"सगळं जग करतं म्हणूनच नको."

आतून जाऊबाई बोलल्या. त्या एरवी बोलत नाहीत, म्हणून दोघांनीही माना वळवल्या. "माझ्या पोराच्या मुंजीचे फोटो मीसुद्धा अजून धड बघितलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला हार तेवढा घालते. आता त्या माउलीला तरी बघू द्या."

 भाऊजी उठले, कॉम्प्युटरचं झालरीचं कव्हर काढलं, नीट घडी करून पलंगावर ठेवलं आणि बटण दाबलं. तो कॉम्प्युटर सुरू व्हायला जो वेळ लागतो त्यात माणसाचा राग आपोआप उतरतो, सरकारी खात्यातली खरी अक्कल तीच असावी. चहा आला, मी बसले. शेवटी 'कौटुंबिक' उघडलं, त्यात मुंज उघडली, आणि पडद्यावर तो मुंजा आला, मुंडण केलेला, कान टोचलेला, रडवेला. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. पोरगा आता पुण्याहून दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो आणि बापाच्या फाइलिंगमध्ये पडत नाही.

"आईंना अगदी बघायचेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झेरॉक्स कशाला द्यायची त्यांना? शेवटचं बघणार आहेत म्हणतेस." त्यांनी पेनड्राइव्ह लावला. "अस्सल घेऊन जा."

आणि त्यांनी अख्खा मुंजीचा फोल्डर कट केला. कटवर बोट दाबताना ते क्षणभर थांबले, मी बघितलं. मग पेस्ट केला. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. त्यांच्या कॉम्प्युटरमधून मुंज गेली. त्यांनी पुन्हा 'कौटुंबिक' उघडून खात्री केली आणि म्हणाले, "झाले रिलीव्ह."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली आहे, अजूनही करते, आणि पुढेही करणार. पण त्या दिवशी केली नाही. एक गडी माणूस आपल्या एकुलत्या एका मुलाची मुंज माझ्या हातात देऊन मोकळा झाला होता, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्याकडे आता काहीही उरलं नव्हतं. घरी जाऊन मी त्यांच्यासाठी दुसरी प्रत करणार होते, ते उघडच आहे. पण त्या वेळी तसं सांगून त्यांनी दिलेल्याचं मोल कमी करावं असं मला वाटलं नाही. नंतर मी ते फोटो परत नेऊन दिले तेव्हा त्यांनी विचारलं, "डेप्युटेशन संपलं का?" मी हो म्हटलं.

नौपाड्याहून मी घरी गेलेच नाही, थेट कल्याण गाठलं. आईच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. तिला पलंगावर बसवलं, उशी पाठीला दिली. रांगोळी, चौरंग, भिक्षावळीचं ताट, पुन्हा रांगोळी, हे सगळं ढकलत ढकलत मी पंगतीवर आले. तिरपी पंगत, पांढऱ्या मठ्ठ्याचा एक फवारा, आणि दोघी. टीव्हीवर दोघींची डोकी जवळजवळ खऱ्याएवढी दिसत होती. मावशीचा पदर तोंडावरून खाली घसरलेला, दात दिसतायत, डोळे बारीक झालेत.

"लागला आई," मी म्हटलं.

आई पुढे झुकली. डोळे ताणून बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे काहीच होत नव्हतं.

"तुझे दीर दिसतात का गं यात?" तिने विचारलं.

"नाही. फोटो त्यांनी काढलाय ना."

"मधे सगळा धूर आहे," ती म्हणाली. "कडेला पत्रावळी दिसतायत. ही कुठे आहे?"

मी टीव्हीजवळ गेले, मावशीच्या गालावर बोट ठेवलं. आईने तिथे बघितलं आणि मान हलवली. मी फोटो मोठा केला, बारीक केला, उजेड कमी केला, खिडकी लावली. मनातल्या मनात मी भाऊजींना, नवऱ्याला, पुतण्याला आणि त्या शॉर्टकटला शिव्या घातल्या. एवढे महिने लवकर मिळाला असता तर. शेवटी मला काही सुचेना आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

आईही दमली. तिने टीव्हीवरून नजर काढली आणि बाजूच्या भिंतीकडे वळवली, जिथे नुसतं कॅलेंडर आहे. आणि ती एकदम थांबली.

"आली," ती म्हणाली.

"कोण?"

"हलू नकोस. हसतेय." आईने मान वळवून टीव्हीकडे बघितलं. "गेली." पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू आलं, मुंजीतलं, अगदी तेच. "बघायला गेलं की जाते गं. नाही बघितलं की असते."

मी टीव्ही बंद करायला उठले नाही. आईने पाय वर घेतले, उशीला टेकली, आणि कॅलेंडरवर नजर ठेवून कितीतरी वेळ आपल्या बहिणीकडे बघत बसली.